सिद्धरस आणि स्वेच्छा : यंत्रमानवांच्या एका कथेचे माध्यमांतर व तिचा रसिकवर्ग

एखादी लोकप्रिय कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेली असता तिच्या जुन्या रसिकांकडून जो विरोध प्रकट होतो, त्याची बोळवण बहुधा एका शब्दात केली जाते. कोणी त्याला हळवेपणा म्हणतो, तर कोणी हट्ट. दोन्ही पक्षांत एक गृहीत समान आहे. ते असे, की हा विरोध भावनेचा असून विचाराचा नव्हे; सबब समीक्षकाने त्याची दखल घेण्याचे कारण नाही. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी २००७ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हा चित्रपट आणि त्याविषयी मूळ व्यंगपटमालिकेच्या चाहत्यांनी घेतलेले आक्षेप हे उदाहरण निवडले आहे.

हे उदाहरण निवडण्यास दोन कारणे आहेत. एक तर येथील प्रतिक्रिया विपुल व निःसंदिग्ध आहेत. दुसरे असे, की येथे मूळ कृतीच्या भोवती अभिजाततेचे वलय नाही. रामायणाच्या किंवा शेक्सपिअरच्या नाटकाच्या रूपांतराविषयी बोलताना मूळ ग्रंथाविषयीचा आदर आपल्या निर्णयात नकळत मिसळतो. खेळणी विकण्यासाठी जन्मास आलेल्या कार्टूनविषयी तसे होण्याचा संभव नाही. म्हणून माध्यमांतराचा प्रश्न येथे उघड्या स्वरूपात हाती लागतो.

१. मूळ कथेची उत्पत्ती

जपानमधील टाकारा ह्या खेळण्यांच्या कंपनीने १९८० पासून ‘डायाक्लोन’ ह्या नावाची खेळणी विक्रीस आणली होती. मोटार, विमान अशा वाहनांचे सांधे फिरवले की त्यांतून यंत्रमानव तयार होत असे. ही यंत्रे निर्जीव होती. त्यांत बसून त्यांना चालविणारी चिमुकली माणसे खेळण्यासोबतच मिळत. टाकाराच्याच ‘मायक्रो चेंज’ ह्या दुसऱ्या मालेत पिस्तूल, ध्वनिफितीचा यंत्रसंच अशा घरगुती आकाराच्या वस्तूंचे यंत्रमानव होत. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ह्या दोन्ही मालांतील खेळणी एकत्र करून १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ह्या नावाने बाजारात आणली.

खेळणी होती, पण कथा नव्हती. ती मार्व्हल कॉमिक्सकडून करवून घेण्यात आली. जिम शूटर ह्यांनी कथेचा आराखडा केला. डेनी ओनील ह्यांनी नायकास ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव दिले. बॉब बुडिआन्स्की ह्यांनी उरलेल्या बहुतेक पात्रांना नावे दिली आणि प्रत्येकाचा स्वभाव लिहून काढला. सायबरट्रॉन ह्या ग्रहावरील सजीव यंत्रांचे ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन असे दोन पक्ष, त्यांचे युद्ध आणि त्या युद्धाचे पृथ्वीवर झालेले स्थलांतर ही ती कथा होय. डायाक्लोनमधील चालक माणूस ह्या कथेत नाहीसा झाला आणि यंत्राला स्वतःचे मन मिळाले. पुढील सर्व आस्थेचे मूळ ह्या एका बदलात आहे.

प्रत्येक खेळण्याच्या खोक्यावर त्या पात्राचा परिचय छापलेला असे. त्यात बळ, बुद्धी, वेग, धैर्य इत्यादी गुणांचे मोजमाप एक ते दहा अशा अंकांत दिलेले असून ते सोबतच्या तांबड्या पारदर्शक पट्टीतून पाहिल्याविना वाचता येत नसे. सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनवरील व्यंगपटमालिका १९८७ पर्यंत चालून तिचे ९८ भाग झाले. १९८४ हेच साल अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे कालनिर्बंध उठविल्याचे होय. ह्या योगायोगाचा अर्थ स्पष्ट आहे. ही मालिका वस्तुतः अर्ध्या तासाची जाहिरात होती, असे तिच्या टीकाकारांनी म्हटले, आणि ते खोटे नव्हते.

२. नायकाचा मृत्यू

परंतु जाहिरात म्हणून रचलेली गोष्ट ऐकणारा ती जाहिरात म्हणूनच ऐकतो, असे नाही. ह्याचे प्रत्यंतर ऑगस्ट १९८६ मध्ये आले. त्या महिन्यात ‘द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही’ हा सचेतनपट प्रदर्शित झाला. दोन वर्षांपूर्वीची खेळणी आता जुनी झाली होती. नवीन खेळण्यांसाठी जागा हवी होती. तेव्हा चित्रपटाच्या पूर्वार्धातच जुन्या पात्रांची सरसकट कत्तल करण्यात आली आणि खुद्द ऑप्टिमस प्राइमलाही मरण आले. निर्मात्यांच्या दृष्टीने हा विक्रीच्या यादीतील फेरफार होता. चित्रपटगृहांत मुले रडली. पालकांच्या व मुलांच्या तक्रारी कंपनीकडे गेल्या.

ह्या प्रतिक्रियेचे परिणाम मोजण्याजोगे आहेत. १९८७ च्या आरंभी मालिकेच्या दोन भागांत ऑप्टिमस प्राइमला पुन्हा जिवंत करण्यात आले. हॅस्ब्रोच्याच ‘जी. आय. जो’ ह्या खेळण्यांवरील १९८७ च्या सचेतनपटात ड्यूक हे पात्र मरावयाचे होते. ते मेले नसून बेशुद्ध आहे, असा खुलासा संवादात घालण्यात आला. कथेच्या व्यापारी मालकाला रसिकापुढे माघार घ्यावी लागली, ती अशा रीतीने. आणि तो रसिक सात-आठ वर्षांचा होता.

नवव्या शतकातील काश्मीरचा आचार्य आनंदवर्धन ह्याने ज्या संकल्पनेचा उपयोग रामायणासंबंधी केला, ती येथे आठवते. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात तो म्हणतो, की रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकमानसात आधीच सिद्ध झालेला आहे, त्यांचा आश्रय करणाऱ्या कवीने रसाला विरोधी अशी स्वेच्छा त्यांत चालवू नये. ‘सिद्धरस’ ह्या संज्ञेचा मर्मार्थ असा : कथेचा कर्ता कोणीही असो, ती ऐकून ज्यांच्या मनात विशिष्ट भाव दृढ झाला, त्या समाजाची तीत भागी निर्माण झालेली असते. रामायण आणि खेळण्यांची कथा ह्यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. सिद्धत्व ही मूल्याची पायरी नसून रसिकाच्या मनातील स्थिती आहे, एवढेच लक्षात घ्यावयाचे.

३. २००७ चा चित्रपट आणि आक्षेप

मायकेल बे ह्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट जुलै २००७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. स्टीव्हन स्पीलबर्ग हे त्याचे कार्यकारी निर्माते असून पटकथा रॉबर्टो ऑर्ची व अॅलेक्स कर्ट्झमन ह्यांची होती. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चाच्या ह्या चित्रपटाने जगभर ७० कोटी डॉलरांहून अधिक प्राप्ती केली. मूळ मालिका पाहणारी मुले आता तिशीच्या आसपास पोचली होती. १९९४ पासून त्यांची वार्षिक संमेलने भरत होती. खेळण्यांचे संग्रह, कथांतील विसंगतींच्या चर्चा, हौशी लेखन असा त्यांचा व्यासंग होता. यंत्रमानवांची नवी रूपे प्रदर्शनापूर्वीच लोकांपुढे आली आणि वादास तोंड फुटले.

आक्षेपांची वर्गवारी पाच प्रकारांत करता येते. पहिला आक्षेप रूपासंबंधी होता. व्यंगपटातील यंत्रमानव मोठ्या, सपाट, ठळक रंगांच्या पृष्ठांचे बनलेले असत. दुरूनही कोण कोणता हे ओळखता येई. चित्रपटात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ह्या संस्थेने घडविलेल्या ऑप्टिमस प्राइमच्या प्रतिकृतीत दहा हजारांहून अधिक सुटे भाग होते. पण युद्धाच्या धामधुमीत, विशेषतः खलपक्षाचे करडे देह एकमेकांत मिसळून जात. दुसरा आक्षेप वाहनांसंबंधी होता. बम्बलबी हा मूळचा फोक्सवॅगन बीटल, तो शेव्हरले कमॅरो झाला. ऑप्टिमस प्राइमचा चपट्या तोंडाचा ट्रक लांब नाकाचा झाला आणि त्यावर ज्वाळा रंगविल्या गेल्या. मेगाट्रॉन पिस्तूल न राहता परग्रहावरील विमान झाला. तिसरा आक्षेप मुखासंबंधी होता. ऑप्टिमस प्राइमचे तोंड मूळ मालिकेत सदैव पट्टीने झाकलेले असे. येथे पट्टी बाजूस सरून ओठ दिसू लागले. चौथा आक्षेप आवाजाचा. ऑप्टिमस प्राइमला पूर्वीचेच पीटर कलन ह्यांचा आवाज लाभला, ह्याचे चाहत्यांनी एकमुखाने स्वागत केले; परंतु मेगाट्रॉनसाठी फ्रँक वेल्कर ह्यांच्याऐवजी ह्यूगो वीव्हिंग ह्यांची योजना झाली, ती अनेकांना रुचली नाही. पाचवा आक्षेप दृष्टिकोणाचा. कथा सॅम ह्या तरुणाच्या अंगाने सांगितलेली असल्यामुळे यंत्रमानव स्वतःच्याच कथेत पाहुणे ठरले.

ह्यासोबतच हे नमूद करणे न्याय्य होईल, की चाहत्यांपैकी पुष्कळांना चित्रपट आवडला. ट्रक उलगडून उभा राहताना त्याचा प्रत्येक तुकडा कोठून कोठे गेला हे दिसावे, ही त्यांची बाळपणापासूनची इच्छा होती. व्यंगपटात ती क्रिया क्षणार्धात, डोळ्यांस चकवून उरकली जाई. आक्षेप घेणारे आणि आनंदित होणारे असे दोन तट नव्हते. कित्येकदा एकाच प्रेक्षकाच्या ठिकाणी दोन्ही भाव नांदत होते.

४. आक्षेपांची परीक्षा

आता प्रश्न असा, की ह्यांतील कोणते आक्षेप रसदृष्ट्या टिकतात? आनंदवर्धनाचे मत येथे अर्धेच सांगून चालणार नाही. त्याच प्रकरणात तो असेही म्हणतो, की प्रसिद्ध कथेत रसास अननुकूल असा काही भाग आला, तर कवीने तो टाकून द्यावा आणि रसास उचित असा दुसरा कल्पावा. इतिवृत्ताचे केवळ निवेदन हे कवीचे प्रयोजन नव्हे. कालिदासाने दुर्वासाचा शाप घालून महाभारतातील शकुंतलेची कथा बदलली, ह्या बदलाचे समर्थन आपल्या साहित्यशास्त्राने केले आहे. तात्पर्य, निकष मूलनिष्ठेचा नसून रसाचा आहे. बदल झाला हा दोष नव्हे. बदल रसाला विरोधी झाला तर तो दोष.

हा निकष लावला असता मेगाट्रॉनच्या पिस्तुलाविषयीचा आक्षेप प्रथम गळून पडतो. व्यंगपटात तीस-चाळीस फुटांचा यंत्रमानव आकुंचन पावून दुसऱ्याच्या मुठीत मावणारे पिस्तूल होई आणि कोणास त्याचे नवल वाटत नसे, कारण रेखाचित्राच्या जगात वस्तूचे वस्तुमान हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रत्यक्ष रस्ते, घरे व माणसे ह्यांच्या छायाचित्रणात मात्र तेच दृश्य हास्यास्पद ठरले असते. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांतील पहिले विघ्न हेच : जे घडते आहे ते संभवनीय वाटत नाही, तर चित्त त्यात विश्रांत होत नाही. माध्यम बदलले की संभवनीयतेची मर्यादा बदलते. ट्रकला लांब नाक देण्याचे कारणही असेच होते. अधिक लांबीच्या वाहनातून सुमारे २८ फुटांचा देह उभा करणे शक्य झाले.

बीटलचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. पिवळा बीटल पाहून ‘हर्बी’ ह्या जुन्या चित्रपटांतील मोटारीची आठवण होईल, असे दिग्दर्शकास वाटले. चाहत्यांचा विरोध वरवर पाहता एका कारखान्याच्या मोटारीऐवजी दुसऱ्या कारखान्याची मोटार आली, एवढ्यापुरता दिसतो. पण मूळ कथेत बम्बलबीचे सारे व्यक्तित्व त्याच्या लहानपणात होते. बलाढ्यांच्या मेळ्यात तो लहान. म्हणूनच मुलांचा सखा, आणि म्हणूनच त्याचे धैर्य विशेष. बीटल ही मोटार ह्या भावाचा उद्दीपन विभाव होती. शर्यतीच्या थाटाच्या कमॅरोत सख्य उरले, लहानपण गेले. येथे रसविरोध घडला नाही. पण रसहानी घडली, असे म्हणावे लागते.

रूपाच्या गुंतागुंतीविषयीचा आक्षेप सर्वांत बळकट ठरतो. विभाव स्पष्टपणे प्रतीत झाल्याशिवाय रस नाही; प्रतीतीच्या उपायांचा अभाव व प्रतीतीची अस्फुटता ही अभिनवगुप्ताने स्वतंत्र विघ्ने मानली आहेत. कोण पडला आणि कोणी पाडले हेच न कळल्यास वीर वा करुण कोणाच्या आश्रयाने उभा राहणार? चित्रपटाच्या अखेरीस जॅझ ह्या ऑटोबॉटला मेगाट्रॉन फाडून ठार करतो. त्या मृत्यूने जुने चाहते हळहळले. जॅझला नव्याने पाहणाऱ्या प्रेक्षकास त्याचे काहीच वाटू नये, इतका तो प्रसंग घाईने उरकला आहे. शोकाची सामग्री चाहत्याने घरून आणली होती. चित्रपटाने ती पुरविली नाही.

उलटपक्षी, चाहत्याचीही एक मर्यादा मान्य केली पाहिजे. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेल्या चित्तास रसास्वाद होत नाही, असे अभिनवगुप्ताचे आणखी एक विघ्न आहे. ज्याला चित्रपटात स्वतःचे आठव्या वर्षीचे दिवाणखान्यातील दुपारचे सुख परत हवे आहे, त्याला कोणतीच कृती ते देऊ शकणार नाही. ज्वाळांच्या रंगाविषयीचा संताप बहुधा ह्या कोटीत पडतो. १९९६ च्या ‘बीस्ट वॉर्स’ मालिकेत नायकाचे रूप ट्रकऐवजी गोरिलाचे करण्यात आले, तेव्हा असाच संताप उसळला होता; ‘ट्रक पाहिजे, माकड नको’ ह्या आशयाचे घोषवाक्य झाले. पुढे तीच मालिका कथानकाच्या गांभीर्यामुळे चाहत्यांनी आपल्या उत्तम ठेव्यांत जमा केली. बाह्य रूप म्हणजे सिद्धरस नव्हे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

५. अढळ ते कोणते?

मग सिद्धरसाचा आश्रय कोणता? मूळ कृतीकडे बोट दाखवून ह्याचे उत्तर मिळत नाही, कारण मूळ कृती एक नाही. खोक्यावरील परिचय, मार्व्हलचे मासिक आणि दूरदर्शनची मालिका ह्यांत परस्परविसंगती पुष्कळ आहे. परंतु ह्या तिन्ही परंपरा जेथे एकमुखाने बोलतात, असे एक स्थळ आहे. ते म्हणजे ऑप्टिमस प्राइमचे शील. खोक्यावरील परिचयात स्वातंत्र्य हा प्रत्येक चेतन जीवाचा हक्क आहे, अशा आशयाचे ब्रीद त्याच्या नावे छापले होते. पीटर कलन ह्यांनी अनेकदा सांगितले आहे, की व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आपल्या थोरल्या भावाने खऱ्या बलवानाला सौम्य राहता येते असा सल्ला दिला आणि त्यातून त्यांना ह्या पात्राचा आवाज सापडला. मार्व्हलच्या मासिकाच्या जानेवारी १९८७ च्या चोविसाव्या अंकात तर नायक संगणकावरील एका लढाईच्या खेळात विजयासाठी खेळातील निरपराध जीवांचा बळी देतो. प्रतिस्पर्ध्यास हे ठाऊक नसताही तो स्वतः हार कबूल करून स्वतःचा नाश पत्करतो. कथानक बालिश म्हणावे इतके विलक्षण आहे. शील मात्र संशयातीत आहे. प्रतिनायकाहून बलवान असूनही बळाचा संकोच करणारा धीरोदात्त नायक, हा ह्या कथेचा सिद्ध भाव होय.

२००७ च्या चित्रपटाने ह्या भावाला धक्का लावला नाही. ते ब्रीद त्याने नायकाच्या मुखी घातले, आणि मनुष्यजात वाचविण्यासाठी नायक स्वतःचा बळी देण्यास सिद्ध झालेला दाखविला. म्हणूनच इतक्या आक्षेपांनंतरही चाहते पुन्हा चित्रपटगृहाकडे वळले. खरा विच्छेद पुढील चित्रपटांत पडला. २००९ च्या चित्रपटात नायक शत्रूचा चेहरा ओरबाडून त्यास मारतो. २०११ च्या चित्रपटात निःशस्त्र होऊन याचना करणाऱ्या सेंटिनेल प्राइमला तो गोळी घालतो. २०१४ च्या चित्रपटात तो सूडाची प्रतिज्ञा करून एका माणसाचा वध करतो. क्षेमेंद्राने औचित्यास रसाचे जीवित म्हटले आहे. येथे औचित्याचा भंग प्रकृतीतच झाला. ज्या स्वेच्छेविषयी आनंदवर्धनाने इशारा दिला, ती ही. ज्वाळा व ओठ ह्यांविषयीचे आक्षेप कालांतराने मावळले. हा आक्षेप मात्र टिकून राहिला, ह्यावरून त्याचे वजन वेगळे होते हे उघड आहे.

६. बाजार आणि अधिकार

२०११ व २०१४ च्या चित्रपटांनी प्रत्येकी शंभर कोटी डॉलरांहून अधिक प्राप्ती केली. २०१८ साली ट्रॅव्हिस नाइट ह्यांनी ‘बम्बलबी’ हा चित्रपट केला. त्यात बम्बलबी पुन्हा बीटल झाला, आरंभीच्या युद्धदृश्यात यंत्रमानव मूळ व्यंगपटातील ठळक रंगांत व आकारांत दिसले आणि समीक्षकांनी व चाहत्यांनी त्याचे स्वागत केले. त्याची प्राप्ती मात्र ४६ कोटी डॉलरांच्या आसपासच राहिली. २०२४ चा ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ हा सचेतनपट चाहत्यांना अत्यंत आवडूनही १३ कोटी डॉलरांच्या पलीकडे गेला नाही. चाहत्यांचे समाधान आणि तिकिटांची विक्री ह्यांत कार्यकारणसंबंध जोडू पाहणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत. बाजाराच्या न्यायाने पाहता चाहत्यांचा पक्ष हरला आहे.

परंतु बाजाराचा निर्णय हा रसाचा निर्णय नव्हे. कथेचा कायदेशीर धनी हॅस्ब्रो आहे. ती कथा मोडण्याचा, जोडण्याचा व विकण्याचा अधिकार त्याचा, ह्यात संशय नाही. चाहत्यापाशी असा कोणताच कागद नाही. त्याच्यापाशी आहे ती कथेची प्रदीर्घ ओळख, आणि कोणता बदल वरवरचा व कोणता मर्मभेदक हे सांगण्याची त्या ओळखीतून आलेली क्षमता. हेन्री जेन्किन्स ह्यांनी १९९२ मध्ये चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणारे म्हटले. ती उपमा मालकीच्या बाजूने पाहता यथार्थ आहे. आस्वादाच्या बाजूने पाहता मात्र आपल्या शास्त्रातील ‘सहृदय’ हीच संज्ञा अधिक समर्पक वाटते, कारण काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने ज्याचा मनोमुकुर विशद झाला तो सहृदय, ह्या लक्षणात अनुशीलनाचा विषय थोर असला पाहिजे, अशी अट नाही.

ह्यावरून माध्यमांतराच्या अभ्यासकास एक कार्यपद्धती सुचविता येईल. रसिकांचे आक्षेप एकगठ्ठा स्वीकारू नयेत आणि एकगठ्ठा टाकूही नयेत. त्यांतील जे केवळ सवयीतून आले ते वेगळे काढावेत. जे नव्या माध्यमाच्या संभवनीयतेपुढे टिकत नाहीत ते सोडून द्यावेत. आणि कथेच्या सर्व पूर्वरूपांत जे अढळ राहिले, त्याच्या भंगाविषयी जे बोलतात, त्यांना समीक्षेचा दर्जा द्यावा. एका अमेरिकन कंपनीने विक्रीच्या हिशेबाने मारलेल्या पात्रासाठी १९८६ साली रडलेल्या मुलांना सिद्धरस हा शब्द ठाऊक नव्हता. पण कोणत्या स्थळी हात लावू नये, हे त्यांना त्या कंपनीपेक्षा अधिक अचूक ठाऊक होते, आणि कंपनीने अखेर ते मान्य केले.